संपर्क क्षेत्राच्या बाहेर

नावड्याच्या कॉलनीत आमच्या इमारतीच्या जिन्यात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या मजल्यावर विजयमालाबाईंच्या दारापासून थेट खालच्या मजल्यापर्यंत माणसं उभी होती, आणि एवढी माणसं असूनही आवाज म्हणून नव्हता. दार सताड उघडं होतं. आत हॉलमध्ये पाटावर नंदकिशोर महाराज बसले होते, मांडीवर लाल मखमलीची थैली घेऊन. वय चाळिशीचं, कपाळभर भस्म, गळ्यात माळा आणि मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं महागडं घड्याळ. पावण्याला एमआयडीसीत कुठल्याशा बंद गाळ्यात त्यांचा दरबार भरतो.

"कुणाचाही एक फोन द्या," महाराज म्हणाले.

आमचे सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव पुढे झाले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, कुणाच्याही सहीवर विश्वास न ठेवणारे गृहस्थ. त्यांनी आपला फोन दिला. महाराजांनी तो थैलीत टाकला, दोरी आवळली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, आता लावा याला. कुणीतरी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. जरा वेळ काहीच नाही. मग ती ओळखीची बाई स्वच्छ आवाजात बोलली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"संपर्क क्षेत्राच्या बाहेर कोण असतं, माउली?" महाराजांनी हळू आवाजात विचारलं. "जो गेला, तो. हौसेराव ह्या घरात बसलेत. आत्म्याची फ्रिक्वेन्सी आपल्या टॉवरवर चढलीय. आतापर्यंत एकाच फोनला धरलं होतं, आता शेजाऱ्यांच्या घरात हात घालायला लागलेत. केस हेवी आहे, पण टेन्शन घेऊ नका. मी आहे."

पितृलोकात फ्रिक्वेन्सी असते हे मला नवीन होतं. मी सुनीती, समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ह्या भोंदूला जागच्या जागी उघडं पाडायचं म्हणून मी माझाही फोन पुढे केला. तो थैलीत गेला, नंबर लावला, आणि तीच बाई तेच बोलली. खरं सांगायचं तर मीही घाबरले. हे खोटं आहे हे मला माहीत होतं, पण खोटं कसं आहे ते सांगता येत नव्हतं. तेवढ्या फटीतून भीती आत शिरते. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईनं आपल्या मुलाला छातीशी ओढून घेतलं.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते.

हौसेराव म्हणजे विजयमालाबाईंचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या धान्य मार्केटमध्ये माथाडी. आयुष्यभर पोती वाहिली, हे घर घेतलं, मुलाला शिकवलं. माणूस देवभोळा, पण सरळ. कुठलंही मोठं काम असलं की ते देवाला कौल लावायचे. ओली फुलं देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायची आणि समोर बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हे घर त्यांनी उजव्या कौलावर घेतलं आणि सनीला, म्हणजे मुलाला, उजव्या कौलावरच कॅनडाला पाठवलं. दुसरी त्यांची रीत अशी की घरात आलेली पहिली कमाई आधी देवापुढे ठेवायची.

सनी गेला आणि दोन-तीन महिन्यांतच हौसेराव झोपेत गेले. सनीला येता आलं नाही. पहिल्या पगारातून त्यानं आईला फोन पाठवला, तिकडच्याच दुकानातून घेतलेला, चकचकीत. सोबत निरोप, आता माझ्याशी ह्याच्यावर बोल. विजयमालाबाईंनी त्यात हौसेरावांचं सिम घातलं. "त्यांचा नंबर हाय. बंद कसा करू?" असं त्या मला म्हणाल्या होत्या. आणि मुलाची पहिली कमाई म्हणून तो फोन त्यांनी देव्हाऱ्यात, देवाच्या शेजारी ठेवला. देव्हारा घराच्या अगदी आत, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या कोनाड्यात आहे. तिथे बसून त्या रोज दिवाबत्ती करून मुलाच्या फोनची वाट बघायच्या.

फोन कधी वाजलाच नाही. सनी बायकोशी, उज्वलाशी, तिच्या साध्या फोनवर रोज बोलायचा. आईला लावतो पण लागत नाही म्हणायचा. उज्वलानं स्वतः स्वयंपाकघरातून लावून पाहिला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. फोन तर दहा पावलांवर, चालू, पुरता चार्ज केलेला, फक्त रेंजच्या जागी फुली. विजयमालाबाई मनातून दुखावल्या होत्या, पण घाबरलेल्या नव्हत्या.

घाबरवलं त्या मेसेजनं. एका दुपारी उज्वलाच्या फोनवर मेसेज आला की आपण कॉल केलेला नंबर आता उपलब्ध आहे. वर नाव आलं, मामंजी. तिनं सासऱ्यांचा नंबर ह्याच नावानं जपून ठेवला होता. तिनं थोड्या वेळानं मन घट्ट करून उलट फोन लावला, तर पुन्हा संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्या दिवशी अमावस्या होती. पुढच्या महिन्यात असाच मेसेज आला, तेव्हाही अमावस्याच होती. गेलेला माणूस दर अमावस्येला घटकाभर उपलब्ध होतो आणि परत जातो, ह्यावर दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्या रात्रीपासून घरातले दिवे मालवणं बंद झालं.

मग कुणीतरी महाराजांचं नाव सुचवलं. महाराजांनी घराची सगळी हकीकत आधी विजयमालाबाईंकडूनच काढून घेतली आणि मग तीच त्यांना दिव्य दृष्टीनं दिसली. हौसेरावांचा जीव मुलाच्या भेटीत अडकलाय आणि ते सुनेच्या पोटातून परत यायला बघतायत, असं निदान झालं. फुलांचा कौल आता चालणार नाही, कारण हौसेराव फोनमध्ये आहेत. तेव्हा कौल फोननंच द्यायचा. देव्हाऱ्यात फोन ठेवल्यावर रेंजची काडी उठली तर कौल उजवा, फुली राहिली तर डावा. आणि देव्हाऱ्यात उजवा कौल मिळेपर्यंत सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही. घरातलं सोनंही एकदा त्या लाल थैलीत घालून भारून घ्यायचं होतं. ते पुढच्या बैठकीला.

उज्वलाला आठवा महिना लागला होता. पहिल्यापासून तिचं ब्लडप्रेशर वर होतं. डॉक्टर वैदेहींनी तिला बजावून सांगितलं होतं की दर आठवड्याला येऊन दाखवायचं, आणि डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं तर क्षणभर थांबायचं नाही. त्या मागच्या अमावस्येपासून ती एकदाही गेली नव्हती. मी दोनदा रिक्षा दारात आणून उभी केली. दोन्ही वेळा विजयमालाबाई देव्हाऱ्यात जाऊन बघून आल्या आणि रडत म्हणाल्या, डावाच हाय बाई, कशी पाठवू. मी रागावले, ओरडले, तर त्यांनी दार लावून घेतलं. उज्वलाही आली नाही. शिकलेली मुलगी, ताडकन उठून चालायला लागायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पोटात मूल असताना कुणी कानात सांगितलं की पाऊल टाकलंस तर ते जाईल, तर पाऊल टाकायला फार ताकद लागते.

आणि आज पुन्हा अमावस्या होती, दुपारी पुन्हा तो मेसेज आला होता, आणि संध्याकाळी महाराज.

हॉलमध्ये थैलीचे प्रयोग चालू राहिले आणि मी आतल्या खोलीत गेले. उज्वला पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, पायातली जोडवी मांसात रुतलेली.

"बाई, सकाळपासनं डोकं फुटतंय," ती म्हणाली. "आता डोळ्यांम्होरं काजवं चमकत्यात."

हेच तर डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, ऊठ, आत्ता निघू. ती हलली नाही. सासूला ती आत्या म्हणते.

"आत्या दार अडवतील. आन् मलाबी भ्या वाटतं. मी उंबरा वलांडला आन् बाळाला काय झालं तर? मामंजी खरंच आले असतील तर?"

बाहेर पन्नास माणसं वाट अडवून उभी होती आणि आत ही मुलगी भीतीनं बांधलेली. तिला ओढून नेता येणार नव्हतं. मला दुसरं काही सुचेना, तेव्हा वर्गात विचारायचे तसा प्रश्न विचारला. म्हटलं, मेसेज येतो तेव्हा तो फोन कुठे असतो?

"देव्हाऱ्यात. कुठं जाणार?"

"आज दुपारीही तिथेच होता? नीट आठव."

तिनं डोळे मिटले. बाहेरून आणखी कुणाचा तरी फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर गेल्याचं ऐकू आलं आणि एक बाई रडायला लागली.

"गॅलरीत," उज्वला म्हणाली. "अमावस्येला आत्या देव उजळत्यात. आत उजेड न्हाय, म्हणून सगळं ताम्हनात घालून गॅलरीत नेत्यात. देव, समई, घंटा. त्यो फोनबी नेत्यात, पुसायला." तिनं डोळे उघडले. "दर अमावस्येला त्यो गॅलरीत असतो, बाई. अमावस्या हाय म्हणून मेसेज येत न्हाय. फोन गॅलरीत जातो म्हणून येतो."

मी पस्तीस वर्षं मुलांना हेच शिकवत आले की दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. पण महिनाभर समोरच्या दारात राहून मला ते दिसलं नव्हतं, आणि डोकं फुटत असताना ह्या मुलीला दिसलं. पुढचंही तिनंच केलं. मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, मला देव्हाऱ्यातला फोन हळूच आणायला सांगितला, आणि दोन्ही फोनांची सिम बाहेर काढून अदलाबदल केली. सिम एकदा खाली पडलं. दोन्ही सिम एकाच कंपनीची, हौसेरावांनीच एकदम घेतलेली.

मग ती भिंतीला धरत हॉलमध्ये आली. गर्दीनं वाट दिली, कारण तिला शिवायला लोक घाबरत होते.

"म्हाराज, कौल मी लावते," ती म्हणाली.

गरोदर बाईनं आज देव्हाऱ्यापुढे जायचं नसतं, असं महाराज म्हणाले. त्यावर ती म्हणाली, उंबरा माझ्यासाठी बंद आहे, तर विचारायचंही मीच. विजयमालाबाई बाजूला झाल्या. सुनेचा चेहरा बघून त्यांचंही काळीज हललं असावं.

उज्वलानं परदेशी फोन देवाशेजारी ठेवला. सगळे माना उंच करून बघत होते. फुली.

"डावा," महाराज म्हणाले.

"ह्यात आता माझं सिम हाय," उज्वला म्हणाली. "माझा नंबर. मी जिती हाय, माझा नवरा जिता हाय. मग ही फुली कुणाची?"

तिनं तो फोन उचलला आणि त्याच जागी आपला साधा, कोपऱ्याला तडा गेलेला फोन ठेवला. त्यात हौसेरावांचं सिम होतं. एकेक करत सगळ्या काड्या उठल्या. मग ती माझ्याकडे वळली.

"बाई, मामंजींचा नंबर लावा."

माझा फोन थैलीत होता. मी शेजारणीचा घेतला आणि नंबर लावला. इतके महिने मुका असलेला तो नंबर देव्हाऱ्यात खणखणीत वाजायला लागला. लोक भिंतीला चिकटले, दारातल्या दोघीतिघी खाली पळाल्या, महाराज पाटावरून उठून उभे राहिले. त्या क्षणी, कारण माहीत असूनही, माझ्या अंगावर काटा आला. फक्त विजयमालाबाई पुढे झाल्या. नवऱ्याच्या नंबरावर कोण बोलावतंय ते ऐकायला त्यांनी फोन कानाला लावला आणि पदर तोंडाशी धरला.

"मी सुनीती बोलतेय," मी दोन हातांवरून म्हटलं. "उज्वलाला दवाखान्यात न्यायचंय. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, सुनेच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं.

"उजवा हाय," त्या म्हणाल्या आणि सगळ्यात आधी त्यांनीच चपला पायात घातल्या.

हा कौल नाही, असं मी तिथे त्यांना समजावून सांगू शकले असते. पण ब्लडप्रेशर व्याख्यान संपेपर्यंत थांबत नाही.

रिक्षा येईपर्यंत दोन मिनिटं मिळाली, तेवढ्यात महाराज थैली उचलून निघायच्या बेतात होते. मी थैलीला हात घातला, आमचे फोन त्यात होते. मखमल कधी चुरचुरत नाही, ही चुरचुरली. स्वयंपाकघरातली कात्री आणून मी अस्तर उसवलं. आत चंदेरी कागदाचे थर होते, घड्या घालून शिवलेले, आपण पोळ्या गुंडाळतो तोच कागद. फोन अशा कागदात सगळ्या बाजूंनी गुंडाळला की टॉवरच्या लहरी आत पोचत नाहीत. तुमच्या घरी चंदेरी कागद असेल तर चार-सहा वेढे देऊन करून बघा, कुठलाही मंत्र लागत नाही. मधुकररावांनी कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि ते लालबुंद झाले. पुढे पोलीस चौकीत जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला तेच पहिले गेले. महाराज मात्र त्या गडबडीत जिना उतरून नाहीसे झाले. ते खरोखरच संपर्क क्षेत्राच्या बाहेर गेले.

डॉक्टर वैदेहींनी उज्वलाचं प्रेशर मोजलं, परत मोजलं आणि कुणाशी न बोलता तिला आत घेतलं. रात्रभर आम्ही बाकावर बसलो. पहाटे ऑपरेशन करून मुलगी झाली, ओंजळीएवढी, पण रडली. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या की सकाळपर्यंत थांबला असतात तर दोघींपैकी. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सिम परत जागेवर घातल्यावर, सनीचा फोन आला, उज्वलाच्या फोनवर. झालेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं सांगितलं की तो फोन तिकडच्या लोकांसाठी बनवलेला, म्हणून स्वस्त मिळाला, आणि इकडे चालेल की नाही हे बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मला तेवढ्यावरून सगळं उलगडलं. मोबाईल कंपन्या एकाच लहरीवर बोलत नाहीत, वेगवेगळ्या पट्ट्यांवर बोलतात, त्यांना बँड म्हणतात. प्रत्येक देशाचे बँड थोडे वेगळे. काही लहरी भिंतींतून आरपार घरात येतात, काही भिंतीपाशी क्षीण होतात. सनीच्या फोनला आपल्याकडचा घरात शिरणारा बँड कळतच नव्हता. बाहेरचा एक कळत होता, म्हणून गॅलरीत रेंज आणि तीन भिंतींच्या आत देव्हाऱ्यात फुली. गॅलरीत रेंज आली की कंपनीचं यंत्र आधी फोन करून गेलेल्यांना आपोआप कळवायचं, आता उपलब्ध आहे. त्यात हौसेराव कुठेच नव्हते.

हे मी विजयमालाबाईंना दवाखान्याच्या बाकावर बसून समजावलं. दोन्ही फोन हातात देऊन, सिम बदलून, खिडकीपाशी नेऊन दाखवलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजी ते नव्हतेच?" त्यांनी विचारलं.

"नव्हते."

मला वाटलं त्यांना हायसं वाटेल. तसं काही दिसलं नाही.

"भीत होते खरी," त्या म्हणाल्या. "पण घरात हायत, असंबी वाटायचं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्या भ्यानं मी पोरीला मारली असती, बाई. त्यांनी मला कधी असं करू दिलं असतं का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत होतं, म्हणून मी दिलं नाही. भोंदू लोक नेमका हाच धागा पकडतात. ज्याच्यावर आपली माया असते त्याचीच आपल्याला भीती घालतात, आणि आपण घाबरलो की विचारायचं विसरतो.

तेव्हा परदेशातून कुणी फोन पाठवला तर तो जरूर घ्या, देवापुढे ठेवायचा तर तोही ठेवा. फक्त त्याचे बँड आपल्या कंपनीच्या बँडांशी जुळतात का ते आधी विचारून घ्या, आणि घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत नेऊन एकदा बघा. आणि कुठल्याही गोष्टीनं, मग ती फोन असो की माणूस, तुम्हाला घाबरवलं, तर उज्वलानं केलं तेवढं करा. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. तिनं ते डोकं फुटत असताना, डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना केलं. आपलं डोकं तर ठणठणीत असतं.